हॅना ऑर्मरॉडची ओटी

सखाराम मिठबावकर हे दगडाचे कारागीर. मुंबईच्या कलाशाळेत इंग्रज गुरूंच्या हाताखाली शिकून त्यांनी बोरीबंदरच्या भिंतींवर पाने, मोर आणि माकडे कोरली. त्यांचे चिरंजीव अनंत हे रत्नागिरीत ड्रॉइंग मास्तर झाले. ग्रीक नाकाचे प्लास्टरचे मुखवटे समोर मांडून कोकणातल्या पोरांना त्यांनी छायाप्रकाश शिकवला. अनंतांचे ज्ञानेश्वर हे गिरगावात पुतळे ओतीत, आणि गिरणीमालकाची मिशी मूळ मिशीपेक्षा ऐटबाज वठली नाही तर साचा मोडून टाकीत. या ज्ञानेश्वरांची कन्या म्हणजे लंडनजवळच्या पिनरच्या डॉक्टर मधुमती सबनीस. यांना सरळ रेघ ओढता येत नसे. घराण्याची कला आटली होती. अभिमान मात्र सगळाच्या सगळा यांच्या वाट्याला आला होता.

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मधुमतीबाईंनी एका अभ्यासवर्गात नाव घातले. मँचेस्टरजवळच्या डोंगरांत हेदरक्लफ हॉल नावाचे एक जुने घर आहे. तिथे चार दिवस राहायचे, जेवायचे, आणि व्हिक्टोरियन कला आणि तिचा जगभर पडलेला प्रभाव यांवरची व्याख्याने ऐकायची. लेकीला, निवेदिताला, त्यांनी फोनवर सांगितले की पणजोबांच्या विद्येचे मूळ एकदा पाहून यावे म्हणते. निवेदिताला ते पटले. आईच्या बोलण्यावर प्रश्न विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

सोबतीला नणंद घेतली. शैला लंडनमध्येच ईलिंगला राहायची. वहिनींपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, आणि बोलण्यात कुणालाही हार न जाणारी. ट्रेन सुटायच्या आत तिने चिवड्याचा डबा उघडला, कारण चार दिवस उकडलेल्या वाटाण्यांवर काढायची तिची तयारी नव्हती. रग्बी स्टेशन मागे पडल्यावर मधुमतीबाईंनी तिला डबा मिटायला लावला आणि खरे कारण सांगितले. तिसऱ्या दिवशी वर्गाची सहल एका गिरणीगावातल्या जुन्या दफनभूमीत जाणार होती, व्हिक्टोरियन काळातली स्मारकशिल्पे पाहायला. त्याच दफनभूमीत मधुमतीबाईंची पहिली मुलगी होती.

शैलाने डबा मांडीवरून खाली ठेवला.

पन्नास वर्षांपूर्वी मधुमती आणि तिचे पती श्रीनिवास हे दोघे तरुण डॉक्टर त्या गावच्या हॉस्पिटलात कामाला होते. मूल पूर्ण दिवसांचे होते. रडले मात्र नाही. नर्सने ते गुंडाळून नेले. श्रीनिवासांनी सांगितले की पुढचे सगळे हॉस्पिटल पाहील. त्या काळी या देशात तशीच रीत होती आणि आईने विचारू नये अशीही रीत होती. पुण्याहून सासूबाईंचा निरोप आला, की बारशाआधी गेलेल्या मुलाचे सुतक नसते, नाव नसते, रडायचे नसते. मधुमतीबाई रडल्या नाहीत. अंगावरचे दूध आटायच्या आत त्या परत कामावर उभ्या राहिल्या, आणि पुढची तीसपस्तीस वर्षे त्यांनी भूल देऊन इतरांच्या वेदना झोपवल्या. निवेदिता झाल्यावर सगळे तिला पहिलीच म्हणू लागले. श्रीनिवास त्याविषयी एक अक्षर न बोलता गेले.

अलीकडे या देशातल्या पुष्कळ म्हाताऱ्या आया उठून विचारू लागल्या होत्या, की आमची मुले तुम्ही कुठे ठेवलीत. मधुमतीबाईंनीही गावच्या कौन्सिलला विचारले. रांग आणि जागेचा क्रमांक एवढेच उत्तर आले, पण तेवढे त्यांना पुरेसे होते. एका पाथरवटाकडून त्यांनी दगडाचे रेखाटन करवून घेतले: भोवती सखारामांची बोरीबंदरची पानवेल, मध्ये सबनीस आणि मिठबावकर ही दोन्ही आडनावे. ते रेखाटन त्यांच्या पर्समध्ये होते. दगड उभा राहील, मुलगी जगात येऊन गेली हे लोकांना वाचता येईल, आणि मग आपण डोळे मिटू, असा त्यांचा हिशेब होता.

अभ्यासवर्गात पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आपली जागा मिळवली. वर्गाच्या प्राध्यापिका पडद्यावर भिंतींचे कागद, फरशा, रंगीत काचा दाखवीत होत्या. हिंदुस्थानी छिटांच्या वेली इंग्लंडमध्ये येऊन भिंतींवर कशा चढल्या आणि इथले प्लास्टरचे साचे मुंबईत कसे पोचले ते समजावीत होत्या. मुंबईच्या इमारतींवरचे कोरीवकाम तिथल्या विद्यार्थ्यांनी केले, असे त्या म्हणताच मधुमतीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की त्या विद्यार्थ्यांना नावे होती, त्यांतले एक मला माहीत आहे. मग त्या सखारामांविषयी बोलल्या. तुमच्या राणीच्या नावाची भिंत ज्यांनी सजवली त्यांचे नाव त्या भिंतीवर कुठेही नाही, या वाक्यावर त्या थांबल्या, आणि निवृत्त मास्तरांच्या व ग्रंथपाल बायकांच्या त्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. जेवताना शैला हळूच म्हणाली की वहिनी, आता उद्यापासून फी त्यांनीच तुम्हाला द्यावी.

तिसऱ्या दिवशी बस दफनभूमीच्या फाटकाशी थांबली. उतारावर दगडी देवदूत दाटीवाटीने उभे होते. मोडके खांब, कापडाने झाकलेले कलश, शेवाळलेल्या वेली. प्राध्यापिकांनी एका थडग्यावरची अफूची बोंडे दाखवली: व्हिक्टोरियन लोक मरणाला झोप म्हणत, आणि झोपेची खूण म्हणून ही बोंडे कोरत. मधुमतीबाईंनी त्या बोंडावर क्षणभर हात ठेवला. मग शैलाला खूण करून त्या बाजूला झाल्या. दफनभूमीची देखभाल करणाऱ्या मंडळींपैकी एक मध्यमवयीन बाई फाटकाशी होत्या. त्यांना त्यांनी रांग आणि क्रमांक सांगितला.

लहान मुलांचा कोपरा खालच्या अंगाला होता. तिथे छोटे दगड होते, वाऱ्याने फिरणाऱ्या कागदी भिंगऱ्या होत्या. पण त्या बाई त्या कोपऱ्यावरून पुढे गेल्या, आणि कुंपणाजवळच्या एका साध्या, थोड्या कललेल्या दगडापाशी थांबल्या. हॅना ऑर्मरॉड, वय एक्क्याऐंशी, टॉमस ऑर्मरॉड यांची विधवा. खाली पन्नास वर्षांपूर्वीचे साल.

मधुमतीबाई म्हणाल्या की क्रमांक चुकला आहे.

क्रमांक बरोबर होता. त्या बाईंनी खाली पाहत, शब्द निवडत सांगितले की त्या दिवसांत मृत जन्मलेले बाळ अनेकदा त्याच दिवशी पुरल्या जाणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाच्या शवपेटीत ठेवून देत. बाळाच्या आईबापांना सांगत नसत, त्या माणसाच्या घरच्यांनाही नाही. या जागेवरचा हक्क ऑर्मरॉड घराण्याचा. त्यांच्या परवानगीवाचून इथे दुसरा दगड लावता येत नाही. आणि परवानगी द्यायला त्यांच्यात आता कुणी उरलेले नाही. एक भाची होती, तीही गेली.

मधुमतीबाईंनी पर्सचा बंद घट्ट धरला, त्या बाईंचे रीतसर आभार मानले आणि ताठ मानेने बसकडे चालत गेल्या. दुपारचे जेवण त्यांनी घेतले नाही. हेदरक्लफला परतल्यावर खोलीत बसून त्यांनी शैलाला फर्मावले की उद्या सकाळची ट्रेन बघ, व्याख्याने पुरे झाली.

शैला पलंगाच्या कडेला बसून शालीच्या घड्या घालीत राहिली. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

"परक्या बाईच्या पेटीत," मधुमतीबाई म्हणाल्या. "फोडणीचं तेल वाचवावं तशी यांनी पेटी वाचवली, शैला. विचारलं नाही, सांगितलं नाही. सखाराम मिठबावकरांची खापरपणती ती. आणि तिच्या वाट्याला दगड नाही, दगडाइतकी जागाही नाही."

"वहिनी, रागावणार असाल तर रागवा. पण मला बोलू द्या."

"बोल की. तुला कधी कुणी अडवलंय?"

"मला पन्नास वर्षं एकच दिसायचं. ती कुठे तरी एकटी आहे आणि थंडी आहे. इथे आल्यापासून तर जास्तच, इथली थंडी माहीत झाली ना. दर जानेवारीत दिसायचं." शैलाने शाल बाजूला ठेवली. "आज त्या बाईंनी सांगितलं तेव्हा मला आधी एवढंच कळलं, की ती एकटी नव्हती. कुणीतरी तिला जवळ घेतलं होतं."

मधुमतीबाईंनी तिच्याकडे पाहिले. हे बोलणे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हते. "तुला कशाला दिसायचं?" त्यांनी विचारले, पण आवाजातली जरब निम्मी झाली होती.

"आत्या आहे मी तिची. तिच्यासाठी दुपटं शिवलं होतं, पिवळ्या काठांचं. दादाने कळवलं, कुणाला तरी देऊन टाक. मी कुणाला द्यायचं? तुमच्याजवळ विषय काढायची कुणाची टाप होती वहिनी? तुम्ही रडला नाहीत, म्हणून आम्हीही कुणी रडलो नाही."

भूल उतरू लागते तेव्हा माणसाला आधी काही कळत नाही. बोटे हलतात, ओठ हलतात, आणि मग एकाएकी दुखणे जागे होते. मधुमतीबाईंनी ते हजारो वेळा पाहिले होते, दुसऱ्यांच्या उशाशी उभे राहून. आता त्यांची बोटे गुडघ्यावरच्या पदराशी चाळा करू लागली, आणि त्या अशा रडल्या की शैलाला उठून खिडकी लावून घ्यावी लागली. त्यात लाज नव्हती, घराणे नव्हते. मध्ये एकदा त्या एवढेच म्हणाल्या की मी तिचा चेहरा पाहिला नाही ग, मागितला असता तर दाखवला असता, मी मागितलाच नाही.

शैलाने त्यांना पाणी दिले. बाहेर वर्गाची मंडळी चहाला जमली होती. कपबश्यांचा आवाज येत होता.

मग मधुमतीबाई बोलल्या त्या त्यांच्या आईविषयी. गिरगावातल्या त्यांच्या आईने बाळंतपणानंतर सुईणीला कधी रिकाम्या ओटीने जाऊ दिले नाही. ज्या बाईने आपले मूल आपल्याआधी हातात धरले, तिला खण-नारळ दिल्यावाचून आईने मान वर करू नये, असे ती सांगे. सुईण मूल धरते ते घटकाभर. या हॅनाबाईंनी पन्नास वर्षे धरले होते, आणि त्यांना कुणी साधी हळद लावली नव्हती.

"उद्या परत जाऊ," त्या म्हणाल्या. "तू त्यांची ओटी भर."

"मी नाही भरणार."

"सवाष्ण तू आहेस."

"आहे ना. राजीव ईलिंगमध्ये सोफ्यावर जिवंत आहेत, सकाळीच बोलले, रिमोट सापडत नाहीये. पण मूल तुमचं आहे, वहिनी."

श्रीनिवास गेल्यापासून मधुमतीबाईंनी कुणाचीच ओटी भरली नव्हती. निवेदिताच्या डोहाळजेवणालाही त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिने हात धरून ओढले तेव्हा चारचौघांत तिला बजावले होते, की जे चालत नाही ते चालत नाही.

"ती हॅनासुद्धा विधवाच होती," शैला म्हणाली. "दगडावर लिहिलंय. तिला तुमचा हात चालेल."

दुसऱ्या दिवशी समारोपाचे व्याख्यान होते. मधुमतीबाईंनी त्याआधीच प्राध्यापिकांचा निरोप घेतला आणि दगडाचे रेखाटन त्यांच्या हाती दिले: माझ्या पणजोबांची वेल आहे, तुमच्या वर्गाला दाखवा. गिरणीगावात टॅक्सी एका गुजराती दुकानापाशी थांबवून त्यांनी नारळ, तांदूळ आणि हळदकुंकू घेतले. खण मिळण्यासारखा नव्हता; म्हणून हेदरक्लफच्या विक्रीच्या टेबलावरून त्यांनी पाना-फुलांच्या छपाईचे हातभर सुती कापड आणले होते. शैला म्हणाली की खणाला काठ हवेत. मधुमतीबाई म्हणाल्या, हॅनाबाईंना हेच ओळखीचे वाटेल.

गवत ओले होते. मधुमतीबाईंचे गुडघे कित्येक वर्षांत जमिनीला लागले नव्हते; शैलाने काखेत हात घालून त्यांना खाली बसवले. बसल्यावर त्यांनी आधी शैलाकडे पाहिले.

"नाव तू ठेव," त्या म्हणाल्या. "तो मान आत्याचा."

शैला सटपटली. मग ती दगडाच्या पायाशी वाकली, पार गवताला गाल लागेपर्यंत, आणि बारशाला पाळण्यात वाकून म्हणतात तसे कुर्र म्हणून काहीतरी पुटपुटली. मधुमतीबाईंना शब्द ऐकू आला नाही. त्यांनी विचारलाही नाही.

मग त्यांनी ऑर्मरॉड या अक्षरांखाली हळद लावली. कुंकवाशी बोट क्षणभर थबकले. विधवेच्या दगडाला विधवेच्या हाताने त्यांनी कुंकू लावले. कापड पसरून त्यावर नारळ ठेवला.

"हॅनाबाई," त्या मराठीतच म्हणाल्या, कारण दगडाखाली ऐकणाऱ्या दोघी होत्या, "माझी मुलगी तुमच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं. यायला फार उशीर झाला. तिला सांभाळलंत."

ओंजळ भरभरून त्यांनी तांदूळ घातले. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या ओंजळीला शैला मदतीला पुढे झाली, पण मधुमतीबाईंनी तिला मानेनेच मागे सारले. पाचवी ओंजळ त्यांनी सावकाश, एक दाणा बाहेर न सांडता घातली, आणि कपाळ दगडाला टेकले.

सुईणीची ओटी भरली की ती मूल आईच्या मांडीवर देते आणि उठते. मधुमतीबाईंनी ओटी पुरती भरली, आणि मूल तिथेच राहू दिले.