अर्ध्यावर थांबलेला स्लॅब

सावळीराम ठेकेदारानं माणूस मारला ते मारला, वर त्याला दारुडाही ठरवलं. पहिली गोष्ट अक्काबाईनं कदाचित नशिबावर ढकलली असती. दुसरी मात्र काही केल्या तिच्या घशाखाली उतरेना.

तिचा नवरा देवराम इंदिरानगरच्या साइटवर बाहेरून प्लास्टर करत होता, तिसऱ्या मजल्याला, बांबूच्या परांचीवर. कमरेला बेल्ट नाही, खाली जाळी नाही. पायाखालची फळी सरकली अन् खेळ खलास. पोलीस आले तेव्हा सावळीराम बेधडक म्हणाला, "सकाळीच टाकून आला होता. चढू नको म्हटलं, ऐकलं नाही." देवराम! अहो, इगतपुरीकडं गावात लग्नाच्या मांडवात सगळे झिंगलेले असायचे अन् हा गडी चहा मागायचा. मेव्हणे त्यावरून त्याची टर उडवायचे. पण साइटवरचे सगळे खाली माना घालून उभे राहिले. उद्याची हजेरी सावळीरामच्याच हातात होती ना! मग तेच गावात पसरलं. खुद्द सासू एकदा म्हणाली, "प्याला बी असंल बाई. शहरात कोण बघाया गेलंय?"

त्याच दिवशी अक्काबाईनं मनाशी गाठ बांधली. ज्या तोंडानं देवरामला दारुडा ठरवलं, त्याच तोंडानं चार लोकांत खरं वदवून घ्यायचं.

कामगार संघटनेच्या ज्योत्स्नाताईंनी तिला सगळं समजावलं. "बेल्ट, जाळी म्हणजे ठेकेदाराची मेहेरबानी नाही, कायद्यानं त्याला द्यावीच लागतात. जिवाला धोका दिसला तर काम थांबवायचा हक्क आहे तुम्हाला. आपण केस लढू, पण वेळ लागेल."

वेळ! तोवर हा मेला सुखानं ढेकर देत फिरणार. अक्काबाई त्याच साइटवर घमेली उचलायला गेली. लोकांनी नावं ठेवली. सावळीरामला वाटलं, बाई आली वठणीवर. कसली वठणी अन् कसलं काय! ती स्लॅबच्या दिवसाची वाट बघत होती.

स्लॅब एकदा ओतायला घेतला की थांबवता येत नाही, हे साइटवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मध्येच माल सुकला तर जोड राहतो, पाणी गळतं, तोडून पुन्हा घालायची पाळी येते. अर्धा स्लॅब झाला, ऊन डोक्यावर आलं, बिल्डरसाहेब खाली खुर्ची टाकून बसले, अन् अक्काबाईनं घमेलं पालथं घातलं. त्यावर बसली. तिच्या शेजारची मालनबाई बसली. मग बायांची अख्खी रांग बसली.

"काय झालं गं?" सावळीराम धापा टाकत वर आला.

"धोका हाय शेठ. बेल्ट नाय, जाळी नाय. कायद्यानं बसलोय."

"उद्या आणतो सगळं. उठा, माल सुकतोय!"

"सुकू द्या. आधी माझ्या माणसाचं सांगा. तो उभा व्हता तसल्याच फळीवर उभं ऱ्हाऊन सांगा, प्याला व्हता का नव्हता."

"सावळीराम, मिटव लवकर!" खालून बिल्डर ओरडला.

मिक्सर घरघरत होता. सावळीरामनं शिवी हासडली अन् कडेच्या परांचीवर उतरला. फळी करकरली. त्यानं खाली पाहिलं मात्र, तोंडचं पाणीच पळालं. बांबूला मिठी मारून किंचाळला, "बेल्ट आणा रे! ऑफिसात नवे पडलेत, आणा लवकर!"

म्हणजे साइटवर बेल्ट होते. साहेब लोक तपासणीला आले की दाखवायला ठेवलेले, कोरे करकरीत.

अक्काबाई उठून कडेला गेली. "पाय का लटपटत्यात शेठ? सकाळीच टाकलीया का?"

"नव्हता प्यायला!" तो रडकुंडीला आला होता. "देवराम प्यायला नव्हता! मीच बेल्ट दिला नाही! झालं समाधान? घ्या मला आत!"

खालपर्यंत ऐकू गेलं. माना खाली घातलेले तेच गडी आता मोबाइल वर धरून उभे होते. दोघांनी सावळीरामला आत ओढलं. त्यानं हात जोडले. "आता तरी उठा गं बायांनो."

बायांनी अक्काबाईकडं पाहिलं.

"समद्यांना बेल्ट अन् खाली जाळी," ती म्हणाली. "तोवर कुणी घमेल्याला हात लावायचा नाय."

जाळी येऊन बांधेपर्यंत संध्याकाळ होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माल कडेनं पांढरा पडायला लागला होता. पडू दे. तुटू दे त्याचा स्लॅब! तिनं फडक्यातली भाकरी सोडली. देवराम गेल्यापासून आज पहिल्यांदा तिला सपाटून भूक लागली होती.