वस्तादाचा हात

“डोळे मीट आधी. लोखंड डोळ्यांपुढे नटतं, कानापाशी मात्र खरं बोलतं.”

हा आवाज वस्तादाच्या गुरूचा. गुरूला जाऊन जमाना झाला, पण बाकीचे आवाज एकेक करून उठून गेले तरी हा कानाच्या तळाशी बसून राहिला होता. नुकतं मिसरूड फुटलं होतं तेव्हा ऐकलेला. गुरूनं दोरीला जुना ॲक्सल टांगला, पितळी हातोडीनं अलगद टोला दिला आणि लोखंड गायला लागलं. लांब, बारीक, विहिरीत हाक घुमावी तसं. मग दुसरा टांगला. तो नुसता ‘थप्’ म्हणाला आणि गप्प झाला. आत कुठेतरी केसाएवढी चीर होती. बाहेरून दोघे जुळे भाऊ.

त्या एका सुरावर वस्तादानं कारखाना उभा केला. मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग इथे यायचे, चिखलानं माखलेले, वंगणानं काळवंडलेले. थोरली सून ते सोड्याच्या गरम पाण्यात, टाकीत धुवायची. वस्ताद टांगून, ठोकून, ऐकून निवडायचा. धाकटा मुलगा झिजल्या जागी वेल्डिंगनं भर घालायचा आणि घासून पुन्हा मापात आणायचा. थोरला ट्रक चालवायचा, येता-जाता गिऱ्हाईक धरून आणायचा. धाकट्याला या कामाचं वेड. म्हणायचा, डोंगर फोडून, कोळसा जाळून एकदा केलेलं लोखंड, ते पुन्हा भट्टीत का घालायचं? झिजलं तेवढं भरून द्यावं. माणूस आजारी पडला म्हणून कुणी पुरून टाकतं का? त्यावर थोरला म्हणायचा, आमच्या धाकट्याला बायको बघू नका, चांगल्या घरचं भंगार बघा.

आणि मग वस्तादाचे कान गेले. एका दिवसात नाही, पाणी मुरावं तसे गेले. आधी पाखरं गेली, मग टाकीखालच्या शेगडीची सूंसूं गेली, मग सुनेचं हळू बोलणं. एका सकाळी टोला दिला आणि सूर आलाच नाही. त्यानं तो ॲक्सल भंगारात टाकला. पुढचाही टाकला. त्याच्या पुढचा टाकला तेव्हा धाकटा काम थांबवून बघायला लागला, इतका खणखणीत माल बाबा का फेकतायत म्हणून. तेव्हा वस्तादाला उमगलं. मुकं लोखंड झालं नव्हतं.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. टोला दिला की तो लटकत्या लोखंडावर बोटं टेकवू लागला. धड लोखंड बोटांखाली मधमाशीसारखं थरथरतं, फुटकं लगेच निजतं. पण केसाएवढी चीर असलेलंही थरथरतंच, किंचित कमी. ते किंचित बोटांना कळत नाही. लोकांना यातलं काय ठाऊक. त्यांना वाटलं, वस्ताद मालाला आशीर्वाद देतात. गिऱ्हाइकांनी म्हणच पाडली, ‘वस्तादाचा हात, गाडी सुखात.’ बोलण्याची वेळ तो होकाराची मान हलवून निभावून न्यायचा. समोरचा चेहरा दुःखी असला की सावकाश, हसरा असला की भराभर. थोरला चेष्टेनं म्हणायचा, बाबांकडे काहीही मागा, नाही म्हणून म्हणत नाहीत.

धाकट्यानं एकदा चिरा दाखवणारं यंत्र घेऊ म्हटलं. लोखंडाला चुंबक करायचं, वर लोखंडाचीच भुकटी सोडायची. चीर असली की भुकटी तिच्यावर मुंग्यांसारखी रांग धरते. त्यानं हे कागदावर काढून दाखवलं, म्हणून वस्तादाला कळलं. वस्तादानं कागद परत केला आणि आपल्या कानाकडे बोट केलं. धाकटा ओशाळला.

थोरल्याच्या ट्रकला पुढचा ॲक्सल हवा होता तेव्हा तो बाजारात गेलाच नाही. घरचा माल असताना परक्याच्या दारात कशाला, म्हणाला. बायकोनं धुतला, बापानं हात ठेवला, भावानं घासला. पहिल्याच खेपेला, उतारावर, चाक सुटून एकटंच पुढे पळत गेलं. ट्रक कठडा तोडून खाली गेला. थोरला त्यात होता.

मोडका तुकडा घरी आला तेव्हा शेजारचा मेकॅनिक बघायला आला. ॲक्सलचा जाड भाग संपून बारीक सुरू होतो, त्या खांद्याशी तो मोडला होता. तिथे घासताना कोपरा गोल ठेवावा लागतो. धारदार राहिला तर लोखंड तिथून फाटतं. त्यानं बोट फिरवलं, कोपरा धारदारच वाटतोय म्हणाला, आणि चहाला न थांबता गेला.

एवढं पुरलं. थोरली धाकट्याशी सरळ बोलेनाशी झाली. त्याच्यापुढे ताट सरकवताना भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची, की जेवून घ्यावं, आधी हात धुवावेत, नीट धुवावेत. तो धुवायचा. पुन्हा पुन्हा धुवायचा. ताट तसंच राहायचं.

वस्तादानं तो तुकडा उजेडात धरून पाहिला होता. मोडलेला भाग बराचसा ताजा, करडा, चकचकीत. पण एका कडेला नखाएवढी जागा काळी, आणि तिच्यात पांढरी पूड बसलेली. धुण्याच्या सोड्याची. धुतात आधी, घासतात नंतर. म्हणजे टाकीत उतरला तेव्हाच ॲक्सल चिरलेला होता. कोपरा कसाही घासला असता तरी तो मोडणारच होता. हे कळायला कान लागत नव्हते. वस्तादानं तुकडा फडक्यात गुंडाळून ठेवला. रोज तो बोलायचं ठरवून उठायचा. रोज कुणीतरी सांत्वनाला यायचं, ओठ हलवायचं, आणि तो सावकाश मान हलवायचा.

धाकट्यानं दुसरं काम शोधलं, तेही भट्टीवर, जुन्या गाड्या वितळवतात तिथे. म्हणाला, तिथे माप चुकायची भीती नाही. परत यायचं त्याच्या बोलण्यात नव्हतं. आणि घरातल्या एकेका वस्तूकडे तो असा बघत होता, की जगायचंही फारसं मनात नसावं.

निघायच्या सकाळी वस्ताद कारखान्यात स्टुलावर बसला होता. थोरली थंड टाकीपाशी बोल्ट निवडत होती. धाकटा पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेला आणि थांबला. वळला नाही.

“बाबा, एकदाच सांगा. दादा माझ्या हातानं गेला ना?”

वस्तादाला पाठ तेवढी दिसली, आणि खांदे वर होऊन खाली आलेले. निघतो म्हणत असेल. त्यानं सावकाश मान हलवली. धाकटा वळला तेव्हा ती हलतच होती.

थोरलीच्या हातातले बोल्ट फरशीवर सांडले. वस्तादाला ते पडताना दिसले, वाजताना नाहीत. दीर दोषी, हे ती रोज भिंतीला सांगत आली होती. बापानं ते कबूल केलेलं तिला बघवलं नाही. पदर तोंडात धरून ती उभी राहिली. धाकटा, न्याय मिळाल्यासारखा, पायरी उतरून गेला.

तिचा चेहरा बघून वस्तादाला कळलं, आपली मान भलत्याच गोष्टीला हलली. तो स्टूल पाडून धावला. रस्त्यावर त्यानं पोराच्या पिशवीचा पट्टा धरला आणि मागोमाग आलेल्या सुनेला विचारलं, “हा काय म्हणाला? मी कशाला हो म्हटलं?”

ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. मग एकेक शब्द तोडून तिनं ते सांगितलं. वस्ताद तिच्या ओठांकडे बघत होता. शेवटच्या शब्दाशी त्याचे डोळे मिटले.

“मला ऐकू येत नाही,” तो म्हणाला. आवाज फार मोठा निघाला. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. “कधीचं येत नाही. तो ॲक्सल टांगला तेव्हाही येत नव्हतं. चीर आधीचीच होती, तू धुतलास त्याच्याही आधीची. ह्याच्या हातानं नाही गेला तो. मी पास केला, पोरी. न ऐकता पास केला.”