कळ्या नसलेली कुंडी

"आई, त्या कुंडीपासून लांब राहा. तुमचा अंगठा कळीपाशी गेला की मला धडकी भरते," टॅमरा म्हणाली.

"परागकोश काढतेय नुसते. पाकळ्यांवर पिवळं सांडलं की उद्या पास्टर मलाच बोलतील."

ईस्टरच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये लिली मांडायचं काम व्हर्नाचं. एकेक कुंडी एकेका मृत माणसाच्या नावाची. सकाळी पास्टर नावं वाचत आणि ज्या घरचं माणूस ते घर उठून उभं राही. व्हर्नाच्या नवऱ्याची कुंडी मग त्यांचा मुलगा डेल खांद्यावर टाकून घरी आणी, कुंपणाशी लावी. तोवर जेवणाला कुणी हात लावत नसे.

यंदा नवऱ्याच्या कुंडीशेजारी आणखी एक होती. डेलच्या नावाची.

जानेवारीत त्याची खेकडे पकडायची बोट बंदराच्या तोंडाशी उलटली. बोट सापडली, डेल नाही.

"मला न विचारता आणलीस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात? रोज दार उघडं ठेवून झोपता तुम्ही. बायको आहे मी त्याची. तो गेला, एवढं एकदा कुणीतरी मोठ्यानं म्हणू दे."

"तो सापडलेला नाही."

"सापडणारही नाही, आई."

टॅमरा मेणबत्त्या आणायला आत गेली.

व्हर्नाचं आयुष्य लिलीच्या शेतात गेलं होतं. शेतात फूल नको असतं, कंद हवा असतो. कळी दिसली की खुडायची. मग फुलात जाणारं अन्न खाली उतरतं आणि कंद मातीत पोसत राहतो. तिनं डेलच्या कुंडीतल्या सगळ्या कळ्या खुडल्या. उमललेलं एक फूलही.

सकाळी पांढऱ्या रांगेत तेवढाच हिरवा दांडा उभा होता. टॅमरानं तो पाहिला.

"काय केलंत हे?"

"खाली कंद आहे अजून."

टॅमरा बाकावर जाऊन बसली.

पास्टरनी व्हर्नाच्या नवऱ्याचं नाव घेतलं. दोघी उठल्या, बसल्या. मग डेलचं नाव आलं. टॅमरा एकटीच उठली. लोक वळून बघू लागले. पुढच्या बाकाच्या पाठीवर तिची बोटं पांढरी पडली होती. व्हर्नानं हिरवा डाग पडलेला अंगठा मुठीत दाबला. पास्टर पुढच्या नावाआधी थांबून राहिले.

व्हर्ना उठून उभी राहिली.

घरी निघताना तिनं फुलांची कुंडी सुनेच्या हातात दिली आणि दुसरी स्वतःच्या खांद्यावर टाकली. ओली माती तिच्या ठेवणीतल्या कोटावर गळत होती. तिनं ती झटकली नाही.