डोळ्यांत ‘कळलं’ दिसेपर्यंत

बाई तिसऱ्या मजल्यावर कविता शिकवायला लागल्या की तळमजल्यावरच्या वर्गालाही ती पाठ व्हायची. मुलं त्यांना पाठीमागं ‘भोंगा’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, त्याचा त्यांना थोडा अभिमानच होता. वक्तृत्वाचे सतरा करंडक घरच्या कपाटात ओळीनं उभे होते. ते पुसायचं काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

त्यामुळे वहिनीनं भाजी निवडता निवडता, मान खाली घालून जेव्हा सांगितलं, “वन्सं, मला सभेत बोलायचंय,” तेव्हा बाईंना हसू आवरेना.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. बावीस वर्षं कापडगिरणीत, साचेखात्यात. साचे म्हणजे कापड विणणारी यंत्रं, आणि एका छपराखाली अशी दोनशे. वहिनी घरी एक तर ओरडायची, नाही तर आवाज न काढता नुसते ओठ हलवायची. मधलं काही नाही. तिनं जेवताना मीठ मागितलं की शेजारच्यांच्या हातातला घास खाली पडायचा.

“तुला कुणी पुढं केलं?” बाईंनी विचारलं.

“सगळ्याजणींनी. म्हणाल्या, आमच्यात तुझंच सगळ्यांत नीट कळतं.”

बाईंनी हे ऐकलं आणि बाकीच्यांची काय अवस्था असेल या विचारानं त्यांना काळजी वाटू लागली.

प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. साचेखात्याला लागूनच गिरणीचं पाळणाघर होतं, त्यात अकरा तान्ही बाळं. मालकांना ती जागा सुताच्या गोदामासाठी हवी होती. पाळणाघर रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत हलवायचं चाललं होतं. वार्षिक सभेत दोन्ही बाजू ऐकून निर्णय होणार होता. बायकांच्या बाजूनं एकीनंच बोलायचं, तेही दहा मिनिटं. पाळणाघर हललं तर अंगावर पाजणाऱ्या अकराजणींना काम सोडावं लागेल, असं वहिनीचं म्हणणं होतं.

“पण नवी इमारत छान आहे म्हणतात. खेळणी आहेत, फोन आहे. मग अडलं कुठं?”

“लांब आहे,” वहिनी म्हणाली. आणखी काहीतरी तिच्या ओठांवर आलं, पण ते काही केल्या शब्दांत बसेना.

बाईंनी पदर खोचला. रात्रीतून, नव्हे, अर्ध्या तासात चार पानांचं भाषण लिहून काढलं. ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरुवात, ‘मातृत्वाचा हुंकार’वर शेवट. मग रोज संध्याकाळी तालीम. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर, वहिनी खालच्या.

“तोंड एवढं वेडंवाकडं करू नकोस गं. फोटो काढणारेत.”

वहिनीनं तोंड आवरलं.

“हात आवर. माश्या हाकलतेयस का?”

वहिनीनं हात मागं बांधले. एक खोड मात्र जाता जाईना. प्रत्येक वाक्य झालं की ती थांबायची आणि बाईंच्या तोंडाकडं टक लावून बघायची.

“थांबतेस कशाला?”

“तुम्हाला कळलं का ते बघते.”

“मला काय कळायचंय त्यात? मीच लिहिलंय ते!”

तीन आठवड्यांनी वहिनी चार पानं पाढे म्हटल्यासारखी धडाधड म्हणू लागली. चूक एक नाही, आणि जीवही नाही. बाई ‘छान’ म्हणाल्या खऱ्या, पण आपण या माणसाचं काहीतरी काढून घेतलंय, असं त्यांना आतून वाटत राहिलं.

सभेच्या आदल्या दिवशी वहिनी जवळचं बघायचा चष्मा घरी विसरून गेली. शाळेला सुट्टी होती म्हणून बाईच तो घेऊन गिरणीत गेल्या. पहारेकऱ्यानं त्यांना साचेखात्याच्या दारापर्यंत आणून सोडलं.

दार उघडलं आणि खडखडाट अंगावर आला. तो कानांना नंतर कळला, आधी दातांना जाणवला. बाईंनी छाती भरून हाक मारली, “वहिनी!” करंडक मिळवणारा तो आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. जवळच्या बाईनंही मान वळवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपण मुके आहोत असं त्यांना वाटलं.

मग त्यांना वहिनी दिसली. साच्यांच्या दोन रांगांमध्ये उभी राहून ती पंधरा साच्यांपलीकडच्या बाईला काहीतरी सांगत होती. आवाजाचा प्रश्नच नव्हता. ओठ मोठे होत होते, मिटत होते, भुवया वर जात होत्या, हात हवेत गोल फिरत होता. एक वाक्य झालं की ती थांबायची. पलीकडची मान हलली की पुढचं वाक्य. थोड्या वेळात ती अख्खी रांग हसायला लागली. इतक्या जणी खळखळून हसतायत आणि ऐकू काहीच येत नाही, असं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. घरात जिला मीठ मागता येत नाही, ती इथं अख्ख्या रांगेला हसवत होती.

तेवढ्यात बाजूच्या दारात पाळणाघरातली मावशी येऊन उभी राहिली. तिचे ओठ हलले. दाराजवळच्या बाईनं तो निरोप वहिनीकडं दिला, वहिनीनं पलीकडं, तिनं आणखी पलीकडं. पार टोकाला एक तरुण पोर वळली, लगबगीनं चालू लागली आणि तिच्या शेजारणीनं तिचे साचे आपल्याकडं घेतले. अर्धा पेला पाणी प्यायला लागेल एवढ्या वेळात हे सगळं झालं. कामात खंड नाही, गोंधळ नाही. बाईंच्या अंगावर काटा आला.

“हे असं रोज होतं?” त्यांनी संध्याकाळी विचारलं.

“दिवसातून वीसदा. बाळ उठलं की निरोप येतो.”

“आणि तू थांबून बघतेस ते...”

“तशी रीतच आहे. समोरचीच्या डोळ्यांत ‘कळलं’ दिसेपर्यंत पुढचं वाक्य सोडायचं नाही. मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं.”

बाईंनी चार पानं उचलली आणि टेबलाच्या खणात टाकली. “उद्या तसंच बोल. तोंड हवं तेवढं वेडंवाकडं कर.”

“आणि फोटो?”

“खड्ड्यात गेला फोटो.”

सभा गिरणीच्याच सभागृहात होती. पहिल्या रांगेत मालक मंडळी, मधे कार्यालयातली माणसं, शेवटच्या चार रांगांत साचेखात्यातल्या बायका. त्यांच्या पाठीमागं काचेचं बंद दार. बाई भिंतीकडेच्या खुर्चीवर, हातात रुमाल पिळत बसल्या होत्या.

वहिनी माइकसमोर उभी राहिली. तिनं शेवटच्या रांगेकडं पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली.

आवाज नव्हता.

ओठ नेटके हलत होते, हात फिरत होता, वाक्यामागून वाक्य चाललं होतं आणि सभागृहात पंखे तेवढे ऐकू येत होते. मोठ्या मालकांनी कानामागं हात नेला. कुणीतरी धावत येऊन माइक ठोकून पाहिला. पण मागच्या चार रांगा मान डोलावत होत्या. एक तर डोळे पुसत होती. शेवटी तिथल्या एकीनं उभं राहून स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं आपटली. आवाज काढ!

वहिनीनं जीभ चावली, आणि मग तिलाच हसू फुटलं.

“माफ करा, बावीस वर्षांची सवय आहे,” ती म्हणाली. “आत्ता जे बोलले ते मागच्या सगळ्यांना कळलंय. पुढं बसलेल्यांसाठी परत सांगते.”

सगळं सभागृह हसलं. मालकही हसले. त्या हसण्यातून वहिनीचा आवाज सरळ चालत आला. ओरडणारा नाही, पुटपुटणारा नाही. हा आवाज बाईंनी घरात कधीच ऐकला नव्हता.

“पाळणाघर माझ्या साच्यापासून एक्केचाळीस पावलांवर आहे.” ती थांबली. मोठ्या मालकांच्या डोळ्यांत बघत राहिली. त्यांनी नकळत मान हलवली. “आमच्याकडं बाळाचं रडणं ऐकू येत नाही. फोन वाजलेलाही ऐकू येणार नाही.” थांबली. “आम्हाला दिसतं. मावशी दारात उभी राहिली की...”

ती मधेच गप्प झाली. नजर मालकांवरून उचलली गेली, थेट मागच्या काचेच्या दारावर. मग तिनं शेवटून तिसऱ्या रांगेतल्या एका पोरीकडं पाहून ओठ हलवले. चारच शब्द, आवाजाशिवाय. पोर उठली, वाकून खुर्च्यांमधून बाहेर पडली आणि दार ढकलून निघून गेली.

“ही आत्ता गेली ना,” वहिनी माइकमध्ये म्हणाली, “तिचं बाळ उठलंय. तुम्हाला कुणाला काही ऐकू आलं?”

पहिली रांग मागं वळली. काचेपलीकडं पाळणाघरातली मावशी उभी होती, आणि ती पोर तिच्या पुढून धावत चालली होती. बाईंनी आजवर टाळ्या पुष्कळ मिळवल्या होत्या. दोनशे माणसं अशी श्वास धरून बसलेली त्यांनी आपल्या भाषणात एकदाही पाहिली नव्हती. त्यांना हेवा वाटायला हवा होता. डोळेच भरून आले.

मोठ्या मालकांनी पुढं वळून समोरचा कागद उलटा ठेवला.

“पाळणाघर आहे तिथंच राहील,” ते म्हणाले. “रस्त्यापलीकडं गोदाम जाईल. सुताला भूक लागत नाही.”

मागच्या चार रांगांत जे काही उसळलं, त्यात माइक, पंखे, टाळ्या सगळं बुडून गेलं. त्या गदारोळात वहिनी गर्दीवरून बाईंना शोधत होती. नजर मिळाली तसे तिचे ओठ हलले: कसं झालं?

बाईंनी तोंड उघडलं. तीन मजले भरणारा आवाजही इथं पोचणार नव्हता. मग त्यांनी ओठ मोठे केले, वेडेवाकडे, लागतील तेवढे, आणि एकेक शब्द सोडला: मला. सगळं. कळलं.

आणि वहिनीची मान हलेपर्यंत त्या थांबल्या.