चाळिसावा कट्टा

मी एक जुने सूप आहे, मित्रांनो. वेळूचे. माझी एक कड उसवली आहे आणि तळाला तंबाखूचा तपकिरी डाग आहे, तो आता कशानेही निघत नाही. निपाणीत माझ्याहून देखणी सुपे पुष्कळ असतील. पण माझ्याइतक्या प्रार्थना ऐकलेले सूप मला तरी माहीत नाही. म्हणून मी माझी गोष्ट मान वर करून सांगणार आहे.

माझा वेळू कणकुंबीकडच्या रानातला. परशराम बुरुडाने तो चिरला, तासला, भिजवला आणि मला विणले. बाजारात बाळाबाईने मला उचलून उन्हासमोर धरले आणि कुठून उजेड येतो का ते पाहिले. कुठूनच आला नाही. घरी नेऊन तिने मेथीच्या लगद्याने माझ्या तळाला चर्चच्या जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवला, म्हणजे तंबाखूची भुकटी खाली गळायला नको. तीन दिवस मला उन्हात वाळवले. चौथ्या दिवशी मी तिच्या मांडीवर गेले. तिथेच माझी एकोणीस वर्षे गेली.

बाळाबाई विड्या वळायची. भिजवलेले पान कात्रीने कापायचे, त्यात चिमूटभर तंबाखू घालायची, वळायचे, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा. हे सगळे माझ्या पोटात व्हायचे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. दिवसाला हजार विड्या, म्हणजे चाळीस कट्टे. शेजारची मालुबाईही तिचे सूप घेऊन आमच्याच उंबऱ्याशी बसायची. ती चर्चची नव्हती, पण बाळाबाईला आक्का म्हणायची.

बाळाबाईची एक रीत होती. कट्ट्याला दोरा गुंडाळताना ती एका माणसाचे नाव पुटपुटत देवापुढे धरायची. चार वेढे, एक गाठ, एक नाव. पहिला कट्टा बेळगावला शिकवणाऱ्या मुलीचा, नीलमचा. दुसरा मालुबाईच्या शेरडीचा, कारण ती एका पायाने लंगडी होती. तिसरा नवऱ्याचा. पुढे गल्लीतली माणसे, चर्चमधली माणसे, नळाला पाणी सोडणारा माणूस. विसावा कट्टा ती अशा माणसासाठी धरायची ज्याचे नाव तिला ठाऊक नव्हते. जो कोणी ही विडी ओढेल, त्याच्या छातीसाठी.

तिचा नवरा आण्णाप्पा तंबाखूच्या वखारीत हमालांची हजेरी घ्यायचा. चर्चच्या कमिटीचा तो सेक्रेटरी होता. रविवारी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या बाकावर बसायचा. त्याची प्रार्थना कागदावर लिहिलेली असायची, एकाखाली एक मागण्या. माणूस सरळ होता. पण प्रार्थना म्हणजे गुडघे टेकून, हात धुऊन, ठरल्या वेळी करायची गोष्ट, असे त्याला वाटे. एकदा दारात चप्पल काढता काढता तो बायकोला म्हणाला, "विडीच्या धुरासंगं जाणार व्हय गं तुझी प्रार्थना?"

बाळाबाईने मान वर केली नाही. "धूर वर तरी जातोय," ती म्हणाली. "तुमची कमिटी दोन तास खालीच बसतीया."

मालुबाई इतकी हसली की तिच्या सुपातली तंबाखू उडाली. आण्णाप्पाही हसला, पण तोंड फिरवून.

मग बाळाबाईच्या छातीत दम भरू लागला. काम सुटले. तीन महिने ती खाटेवर होती, आणि तीन महिने आण्णाप्पाने देवाकडे एकच गोष्ट मागितली. दुपारी ती मला मागून घ्यायची. आण्णाप्पा मला तिच्या मांडीवर ठेवायचा. माझ्यात पान नाही, तंबाखू नाही. तिचे दोन्ही हात माझ्यात पडलेले असायचे आणि ती गप्प असायची. कामाची सवय, दुसरे काय, असे आण्णाप्पा नीलमला फोनवर सांगायचा. सवय नव्हती. ती काय करत होती हे मला ठाऊक होते. पण सुपाला विचारतो कोण?

ती गेली. तिला मूठमाती दिली. पुढच्या रविवारी आण्णाप्पा चर्चला गेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पाळकसाहेब घरी आले तेव्हा त्याने त्यांना चहा दिला आणि शांतपणे सांगितले, "मी एकच मागितलं. मिळालं न्हाय. आता त्याच्यासंगं बोलायचं काय ऱ्हायलंय?"

नीलमने घर आवरले. माझी कड उसवलेली पाहून तिने मला घंटागाडीत टाकायला दाराबाहेर ठेवले. मुलीची चूक नव्हती, मित्रांनो. मी तसेच दिसत होते. मालुबाईने मला उचलून परत आत आणले आणि दारामागच्या खिळ्याला अडकवले. तिथे मला भुंगा लागला. वापरातल्या सुपाला भुंगा लागत नाही. ज्याला कोणी हात लावत नाही, त्यालाच तो पोखरतो. माझ्यातून भुकटी गळताना मी पाहत होते, आणि आण्णाप्पा समोर खुर्चीत बसून असायचा, तोही तसाच.

एके दिवशी मालुबाई भाकरी द्यायला आली आणि जाता जाता दारात थांबली. "दाजी, आक्काची नावं आता कोण घेतंय?"

आण्णाप्पाला हे सुचलेच नव्हते. त्याने वखारीतली एक कोरी हजेरीवही काढली, पट्टीने रेघा मारल्या आणि मालुबाईला समोर बसवले. एकोणीस वर्षे शेजारी बसून तिला सगळे पाठ होते. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. आपला नंबर शेरडीनंतर लागतो हे लिहिताना त्याचे पेन थांबले. "शेरडी लंगडी हुती," मालुबाई म्हणाली. "तुमचं पाय धड हुतं."

एकोणचाळीस ओळी भरल्या. चाळिसाव्या कट्ट्याला नाव नाही, असे तिने सांगितले. पण आण्णाप्पाने उभ्या जन्मात हजेरीची ओळ कोरी सोडली नव्हती. त्याने तिथे नीट अक्षरात लिहिले, 'इतर सर्व'.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सात वाजता तो हात धुऊन, वही उघडून चाळीस ओळी वाचू लागला आणि प्रत्येकीसमोर बरोबरची खूण करू लागला. आठ दिवस केले. नवव्या दिवशी त्याने वही मिटली. मालुबाई पाने भिजवत होती. तो तिला म्हणाला, "रोज हजेरी घेतो. हजर कुणीच होत न्हाय."

तिने वही मागितली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, हे काय लिहिलंय. त्याने वाचून दाखवले. मालुबाई आधी हसली, मग पदराने डोळे पुसत राहिली.

"दाजी, त्या कट्ट्याला आक्का कुणाचं नाव घेत नव्हती. हात सुपात सोडून गप बसायची. ओठ हलायचं, 'ये' म्हणायची. एवढंच. मी एकदा इचारलं, शेवटाला काय मागतीस गं? तर म्हणाली, एकोणचाळीस येळा त्याच्याकडं मागितलं. एकदा तरी त्यालाच मागाय नको व्हय?"

आण्णाप्पाची नजर दारामागे गेली, माझ्याकडे. खाटेवरच्या त्या दुपारी आता त्याला कळल्या. तो तिच्या उशाशी बसून देवाकडे तिला मागत होता. ती देवालाच मागत होती.

त्याने मला खिळ्यावरून काढले, उन्हात आपटून भुकटी झाडली आणि माझ्यात तांदूळ ओतले. पाखडायला त्याला येत नव्हते. निम्मे तांदूळ अंगणात गेले आणि मालुबाईच्या शेरडीला मेजवानी झाली. पण तो खडे निवडू लागला. एक खडा, एक नाव. नीलम, शेरडी. आपले नाव त्याने वगळले, मग परत फिरून घेतले. खडे संपले तेव्हा तो नुसत्या दाण्यांवर बोट ठेवत गेला. एकोणचाळीस झाल्यावर त्याने दोन्ही हात तांदळात सोडले. हायवेवरून कोल्हापूरची एसटी गेली. मग इतक्या दिवसांनी तो माणूस काही न मागता म्हणाला, "ये."

त्या दिवशी भात फार उशिरा झाला.

बाळाबाई परत आली नाही. दुःखही गेले नाही. पण रोज भाताच्या वेळी आता त्याला कोणाची तरी वाट पाहायची असते, आणि वाट पाहणारा माणूस खुर्चीत तसाच बसून राहत नाही.

यंदा चर्चमध्ये कापणीचा सण झाला. लोक देवापुढे धान्य, भाज्या, फळे घेऊन आले. आण्णाप्पाने तांदूळ माझ्यात आणले. कमिटीतला विक्रम दारातच म्हणाला, एवढ्या मोठ्या सणाला हे डागाळलेले सूप कशाला, चांगली परडी देतो. आण्णाप्पा म्हणाला, "ह्यानं आपल्या समद्यांपेक्षा जास्त प्रार्थना ऐकल्याती." आणि मला वेदीपुढे ठेवून तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

मित्रांनो, तिथे चकचकीत परड्या होत्या. मी त्यांच्यामध्ये डागासकट बसले होते, आणि मला कमीपणा वाटला नाही.

तुमच्या घरात माझ्यासारखे जुने सूप असेल तर त्याला खिळ्याला अडकवून ठेवू नका. रोज हातात घ्या, ते टिकेल. देवाची ओढही तशीच आहे. तुम्ही देवाकडे पुष्कळ काही मागत असाल, मागा. बाळाबाईही मागायची. फक्त शेवटचा कट्टा त्याच्यासाठी ठेवा, आणि त्यावर दुसरे काही लिहू नका.