गाडी डिझेल घेत नाही

गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड होती. शेडमध्ये एक जुना, गोल नाकाचा ट्रक उभा असायचा आणि शेडला लागून असलेल्या दोन खोल्यांत त्याचे मालक एकटे राहायचे. सगळी गल्ली त्यांना गाडीवाले म्हणायची. गाडी बंद पडून दोन वर्षं होऊन गेली तरी नाव सुटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको मुलीच्या बाळंतपणासाठी मुलीच्या शहरात गेली. तीन महिन्यांत परत यायचं ठरलं होतं. मग बाळाला खोकला झाला, मग मुलीची रजा संपली, मग पाळणाघर मनासारखं मिळेना. भांडण असं कधी झालंच नाही. ती दर रविवारी फोन करायची, औषधं घेतलीत का विचारायची आणि 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून ठेवून द्यायची. तो पुढचा महिना काही उजाडला नाही. "तुम्हीच या की इकडे," असं ती पहिल्या वर्षी दोन-तीनदा म्हणाली. "गाडी कोण बघणार?" हे गाडीवाल्यांचं उत्तर तयार असायचं. नंतर तिने विचारायचं सोडलं.

खरं तर गाडीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायको गेली त्याच आठवड्यात गाडीने सुरू व्हायचं नाकारलं. गाडीवाल्यांनी चार वेळा सेल्फ मारला, दोन शिव्या हासडल्या आणि शेडचं दार ओढून घेतलं. भाडी तशीही कमी झाली होती आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. उद्या बघू, उद्या बघू करत दोन वर्षं निघून गेली.

मग एक दिवस तंत्रशाळेत इंजिनं शिकवणारे मास्तर आले. "असलं इंजिन आता कुठे बघायला मिळत नाही," ते ट्रकभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले. "आम्हाला द्या. मुलं उघडतील, जोडतील, शिकतील." गाडीवाल्यांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणून टाकलं. आपण हो म्हणालो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मास्तर ओढून न्यायला दुसरी गाडी पाठवणार होते. ते मात्र त्यांनी साफ नाकारलं. "ती स्वतःच्या चाकांवर येईल. गुरुवारी दुपारी आणून लावतो." बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी सातलाच त्यांनी शेड उघडली. चाकांत हवा भरून झाली होती, जुनं डिझेल काढून नवं घातलं होतं, बॅटरी चार्ज होऊन आली होती. ते केबिनमध्ये चढले आणि सेल्फचं बटण दाबलं.

टक्.

बॅटरी भरलेली, म्हणजे दोष जोडात. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. त्यांनी उकळतं पाणी ओतलं, पॉलिश पेपरने शिसं चकचकीत होईपर्यंत घासलं आणि पाना मारून आवळलं. आता सेल्फ फिरला. घर्र, घर्र, घर्र. इंजिन फिरत होतं, पण पेटत नव्हतं. त्यांनी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी पाहिलं. धुराचा मागमूस नाही. धूर नाही म्हणजे पोटात डिझेलच जात नाही. लाइनमध्ये हवा धरली असणार.

"धर की. दोन वर्षं दुसरं काय काम होतं तुला," ते म्हणाले. मोठ्याने बोलायची ही सवय त्यांना अलीकडे लागली होती.

फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून ते हातपंप मारत राहिले. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग डिझेलची स्वच्छ धार. स्क्रू आवळला, पुन्हा बटण दाबलं. घर्र, घर्र. पुन्हा तेच.

यापुढचं काम दोघांचं होतं. नोझलपाशी येणाऱ्या नळ्यांच्या चाक्या, म्हणजे टोकाचे नट, ढिल्या करायच्या, एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने डिझेल तिथवर पोचतंय का ते पाहायचं. बत्तीस वर्षं हा दुसरा माणूस म्हणजे त्यांची बायको होती. ते बॉनेटमध्ये डोकं घालून "मार!" म्हणून ओरडायचे, ती केबिनमध्ये मटार सोलता सोलता एका हाताने बटण दाबायची. "बस!" म्हटलं की सोडायची.

त्यांनी एकट्याने करून पाहिलं. बटण दाबायचं, उडी मारायची, पुढे धावायचं. तिसऱ्या खेपेला गुडघ्यातून कळ निघाली आणि ते दाराची मूठ धरून धापा टाकत उभे राहिले. गल्लीत चाळीस घरं होती. त्यातलं कुठलं दार वाजवावं, हे त्यांना सुचेना. कुणाशी वाईट नव्हतं. कुणाशी काही नव्हतंच.

समोर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं दुकान होतं. वर्षानुवर्षं दोघांची ओळख मान हलवण्यापुरती. गाडीवाले काळे हात पाठीमागे धरून दुकानाच्या पायरीशी उभे राहिले.

"दहा मिनिटं आहेत का? जरा बटणाचं काम होतं."

"द्या इकडे. शर्टाचं की पॅन्टचं?"

"लावायचं नाही, दाबायचंय. गाडीचं."

बाई आधी बघतच राहिल्या, मग हसल्या आणि गळ्यातली टेप तशीच ठेवून आल्या. केबिनमध्ये चढताना म्हणाल्या, "वहिनी इथेच बसायच्या ना? मला मशीनवरून दिसायच्या."

"हं," गाडीवाले म्हणाले आणि बॉनेटमध्ये वाकले. "मारा!"

"अहो, कोणाला?"

"बटण! बटण दाबा!"

घर्र, घर्र, घर्र. चाक्या कोरड्या. पुन्हा दाबायला सांगितलं. एक थेंब नाही. डिझेल पंपापर्यंत येत होतं आणि पंप पुढे काही सोडत नव्हता. गाडीवाल्यांनी पाना खाली ठेवला.

"पंप गेला," ते म्हणाले. पंपाचं काम करणारा मिस्त्री वर्षापूर्वीच धंदा बंद करून गेला होता.

"मग?"

"मग काय. संपलं."

बाई खाली उतरल्या. दुकानात गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. जाता जाता म्हणाल्या, "वहिनींना एकदा विचारून तर बघा. त्या रोज असायच्या ना गाडीत."

"तिला काय कळतंय यातलं," गाडीवाले पटकन बोलून गेले. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

ते गाडीच्या पायरीवर बसून राहिले. अर्धा तास गेला असेल. मग त्यांनी हात पुसून फोन लावला. एरवी रविवारी तीच फोन करायची, त्यांनी आपणहून कधी केला नव्हता, त्यामुळे पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"काय झालं? बरं आहे ना तुम्हाला?"

"सगळं बरं आहे. गाडी सुरू होत नाही."

"आज मध्येच कशाला काढलीत?"

"अशीच."

ती "ऐकवा," म्हणाली.

त्यांनी फोन डॅशबोर्डवर ठेवून बटण दाबलं. मग कानाला लावला.

"सेल्फ चांगला फिरतोय. धूर?"

"नाही."

"हवा काढलीत?"

"काढली."

"नोझलला येतंय?"

"कोरडं ठणठणीत."

आपण ज्या क्रमाने सकाळपासून गेलो त्याच क्रमाने ही विचारते आहे, हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

"लिव्हर ढकललात का?" तिने विचारलं.

"कुठला लिव्हर?"

"पंपावरचा हो. गाडी बंद करायला आपण जो खटका ओढतो, त्याची तार जिथे जाते तो."

"खटका आतच आहे. मी पाहिला."

"खटका जातो आत. तार गंजलीय, ती मध्येच अडकते. लिव्हर तिकडे बंदवरच राहतो. मग कसं सुटणार डिझेल?"

गाडीवाले उतरले. पंपाच्या मागच्या बाजूला हात घालून चाचपलं. लिव्हर मागे कललेला होता. अंगठ्याने ढकलला, हलेना. पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकलं, तसा तो खट्कन पुढे आला.

त्यांनी लिव्हर एकदा मागे-पुढे करून पाहिला. फोनमधून ती "हॅलो, हॅलो" करत होती.

"तुला कसं माहीत?"

"रोज सकाळी मीच ढकलायची ना. पाणी घालायला बॉनेट उघडायची तेव्हाच. तुम्ही तोवर चहा पीत असायचात."

"बोलली नाहीस कधी."

"एकदा म्हटलं होतं, तार बदलून घेऊ. तुम्ही म्हणालात, गाडीतलं मला शिकवू नकोस. मग नाही बोलले. ढकलत राहिले." तिच्या आवाजात राग नव्हता. बसची वेळ सांगावी तशी ती सांगत होती.

"तू गेलीस त्याच आठवड्यापासून ती बंद आहे," ते म्हणाले.

"हो? मला वाटलं, भाडी नाहीत म्हणून काढत नाही तुम्ही."

त्यांनी फोन चालूच ठेवला. बटण दाबून खाली उतरले, तर चारही चाक्यांतून डिझेल पाझरत होतं. आता पाहायला दुसऱ्या माणसाची गरज नव्हती. चाक्या आवळून ते पुन्हा चढले. इंजिनने आधी एक धक्का दिला, मग दुसरा. पांढऱ्या धुराचा लोट उठला, सगळी शेड थरथरली आणि पत्रे वाजायला लागले. समोरचं शिलाई मशीन थांबलं. बाई दारात येऊन दोन्ही हात हलवत होत्या.

"ऐकलंस?" गाडीवाले फोनमध्ये ओरडले.

"ऐकलं!" तीही ओरडली. तिच्यामागे नात रडायला लागली. "लगेच बंद करू नका, बॅटरी भरू द्या."

"अगं, मी ती देऊन टाकतोय. तंत्रशाळेला. आत्ता निघालोय."

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. इंजिनचा आवाज फार होता.

"बरं केलंत," ती शेवटी म्हणाली.

त्यांनी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. आता या इकडे, आता कसली अडचण, असं ती म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. "ही घाबरलीय आवाजाने. ठेवते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

गाडी त्यांनी हळू चालवली. तंत्रशाळेच्या आवारात मास्तरांनी सांगितलेल्या जागी लावली, किल्ली दिली आणि चालत घरी आले. शेड आतून एवढी मोठी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसायला गेले, पण बसवेना.

रविवारी फोन आला तेव्हा औषधांचा विषय निघायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मी येऊ का तिकडे?"

"राहायला की भेटायला?"

"तू सांग."

"आधी या तर," ती म्हणाली.

ते गेले. चौथ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या आणि बाहेरची बैठक. ते बैठकीतल्या सोफ्यावर झोपायचे. जावई सकाळी बूट हातात घेऊन दबक्या पावलांनी बाहेर पडायचा. नात दोन दिवस लांब राहिली, मग गुडघ्यावर येऊन बसायला लागली. स्वयंपाकघरातला गळका नळ त्यांनी दुरुस्त केला, कपाटाचं कुरकुरणारं दार केलं. त्यानंतर दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. बायकोचा दिवस काठोकाठ भरलेला होता. बाळाची आंघोळ, झोप, संध्याकाळची बाग. बागेत तिच्या चार मैत्रिणी होत्या, त्यांच्यात ती खळखळून हसायची. ती चहा आणून द्यायची तो कपबशीतून. घरी ते कायम पेल्यातून पीत आले होते. कुणी वाईट वागलं नाही. बाराव्या दिवशी ते म्हणाले, "निघतो आता."

"बरं," ती म्हणाली.

पण मुलीकडे बाळ सोपवून ती बसस्थानकावर सोडायला आली. डबा दिला, पाण्याची बाटली दिली. "पोचल्यावर फोन करा," म्हणाली आणि गर्दीतून परत चालायला लागली.

बस अजून सुटली नव्हती. खिडकीतून तिची पाठ दिसत होती. गाडीवाल्यांनी फोन लावला. ती थांबली, पिशवीत हात घालून शोधू लागली, मग फोन कानाला लावला.

"काय राहिलं?"

"काही नाही."

"मग?"

"असंच बोल काहीतरी."

लोक तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होते. ती वळली नाही, पण जिथे होती तिथेच उभी राहून बोलू लागली. काल बाळाने काय केलं, मैत्रिणीच्या सुनेचं काय चाललंय, डब्यातलं आधी काय खायचं. ड्रायव्हर येऊन बसला, बस हलली आणि वळण घेऊन फाटकाबाहेर पडली. ती दिसेनाशी झाली तरी गाडीवाल्यांनी फोन कानापासून काढला नाही.