बिनलुगड्याचा पार्ट

दीपमालाची खोड लहानपणापासूनची. नको म्हटलं की तिला नेमकं तेच हवं असायचं. एम.ए.च्या वर्गात सरांनी सेमिनारसाठी आठ पुस्तकांची यादी फिरवली, तेव्हा सात नावांपुढे सह्यांची झुंबड उडाली आणि एका नाटकापुढची जागा कोरी राहिली. दोन पुरुषांच्या प्रेमाचं नाटक होतं ते. सर म्हणाले, हे ऑप्शनला टाकलं तरी चालतं. झालं, दीपमालानं तिथंच सही ठोकली.

अट एकच होती. नाटकातला एक प्रवेश शनिवारी वर्गासमोर दोन आवाजांत वाचून दाखवायचा. वर्गातले अतुल आणि विक्की एरवी गॅदरिंगला माइक न सोडणारे, पण दोघांच्याही घरी नेमकं शनिवारचंच लग्न निघालं. दुसरा आवाज मिळाला नाही, तर सर पुस्तक बदलून देणार होते. दीपमालाला मार्कांपेक्षा वेगळीच रुखरुख होती. नाटक तिनं चारदा वाचलं होतं, पण मोठ्यानं वाचलं की ते रेडिओवरच्या बातम्यांसारखं निघायचं. हे दोघं एकमेकांवर एवढा जीव टाकतात, मग आपल्या तोंडून ते खरं का वाटत नाही?

म्हणून ती आपल्या गावातल्या उकंडा आबाजींकडे गेली. गाव बाभुळगावपासून तीन कोसांवर. तिथं पूर्वी दंडार व्हायची, म्हणजे रात्रभर चालणारं नाटक, आणि त्यात बायांचे पार्टही पुरुषच करत. आबाजींनी चौदा वर्षं राणी केली होती. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि त्याचं कारण शोधून शोधून गाव दमलं होतं. बोंडअळीनं कापूस डागाळला होता. भाव पडलेला, म्हणून त्यांच्या घरात आढ्यापर्यंत कापूस भरलेला, आणि त्यात बसलं की अंगाला खाज सुटायची. दोघं अंगणात बाजेवर बसली.

मोतीबिंदूमुळे आबाजींना अक्षर दिसत नव्हतं, पण दोनदा ऐकलं की त्यांचं पाठ. दीपमालानं नाटकातल्या अविनाशचे संवाद घेतले, आबाजींना शेखरचे दिले. तिसऱ्या दिवशी ते खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेऊन, मान वळवून, नाजूक आवाजात म्हणाले, "तू उशिरा आलास तरी चालेल. पण जेवून येऊ नकोस." दीपमालाला हसू आवरेना. आपलं काहीतरी चुकतंय हेही तिला कळत होतं.

"हा शेखर कोन्या गावचा हाये वो?" आबाजींनी कौतुकानं विचारलं. "बाईचा पार्ट लय बेस देल्ला त्याले."

मग उलगडा झाला. गावच्या दंडारीच्या वहीत पात्राचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. ज्यानं म्हणायचं त्याचं नाव असायचं. राणीच्या बोलण्यापुढे उकंडा, राजाच्या बोलण्यापुढे पुंडलिक. त्या हिशोबानं शेखर हा नट, आणि प्रेम करतेय ती कुणीतरी बाई. तीन दिवस म्हातारा त्या बाईला शोधत होता.

दीपमालानं भीतभीतच सांगितलं, की यात बाई नाहीच. शेखर पुरुष आहे, अविनाशही पुरुष आहे, आणि तेच एकमेकांना हे बोलतात. तिला वाटलं, म्हातारा आता उठून जाणार. पण तो पुढे सरकला.

"लुगडं नाही?"

"नाही आबाजी."

"दोघं बी शर्टातच?"

"शर्टातच."

आबाजींनी डोक्यावरचा दुपट्टा काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. या वेळी तेच वाक्य त्यांच्या स्वतःच्या घोगऱ्या आवाजात आलं. मान वळली नाही. दीपमालाला हसू आलं नाही.

"चौदा साल म्या पुंडलिकले हेच सांगतलं, पन लुगडं नेसून," आबाजी म्हणाले. "लुगड्याबिगर म्हनता येते, हे मले कोनी सांगतलंच नाही."

दीपमालाला राहवलं नाही. "त्यांना ठाऊक होतं?"

"तेच त मले आजवर समजलं नाही. अविनाशचा पार्ट तू नोको करू पोरी. त्याले इचार."

पुंडलिकराव पुढे सरपंच झाले होते आणि दंडार सुटली होती. तेव्हापासून दोघांत रस्त्याच्या अलीकडून पलीकडे रामराम, एवढंच. बायको, विमलताई, वारल्यावर पुंडलिकराव एकटेच जेवत. दीपमाला गेली तेव्हा ते ओट्यावर डागाळलेला कापूस वेगळा काढत बसले होते. तिनं काही लपवलं नाही. नाटक कशाचं ते सांगितलं, शनिवारची साडेआठची गाडी सांगितली, शेखरचं ते वाक्य वाचून दाखवलं.

शेखर कोण करतो, त्यांनी विचारलं. उकंडा आबाजी, ती म्हणाली. लुगडं नेसून? नाही, ती म्हणाली. त्यानंतर ते कापूसच निवडत राहिले.

शनिवारी आबाजी आठ वाजताच स्टँडवर हजर होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर. चौदा वर्षांत कधी घाबरलो नाही, असं ते दोनदा म्हणाले, आणि दीपमालाला ते अजिबात खरं वाटलं नाही. गाडी आली, माणसं चढली. कंडक्टर ओरडू लागला. दीपमालानं एक पाय पायरीवर ठेवला आणि दुसरा खालीच ठेवला, म्हणजे गाडी निघणार नाही.

तेवढ्यात काठी टेकत पुंडलिकराव आले. नेहमीचा कोट नव्हता, साधा शर्ट होता. त्यांनी रामराम केला नाही. भरल्या गाडीसमोर ते आबाजींपुढे येऊन उभे राहिले.

"उशीर झाला," ते म्हणाले. "पन जेवून नाही आलो."

आबाजींनी तिथंच फडक्याची गाठ सोडायला घेतली. सकाळी घट्ट बांधलेली, ती लवकर सुटेना.